कसालच्या सर्व्हर रूममध्ये कोण बसलं होतं?

इथले भुताटकीचे अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचत आलोय, तेसुद्धा हसत. घरी देवाला गाऱ्हाणं घालायची वेळ आली की मी मुद्दाम अंगणात जाऊन उभा राहायचो. कॉम्प्युटरवाला माणूस... बिघाडाला कारण असतंच, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय.

२००६ चा आंब्याचा सीझन. आंबा-काजूच्या एका कंपनीत मी सिस्टीम्स बघायचो. मुख्य ऑफिस आणि सर्व्हर कसालला, शाखा तिथून तास-दीड तासावर, आचरा आणि मिठबावला. सगळ्या ऑर्डरी कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर चालायच्या, आणि सर्व्हरचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. अकाउंट्समध्ये दिगू होता — शाळेपासूनचा माझा दोस्त. त्याला तिथे मीच चिकटवलेला.

एके दिवशी आचऱ्यात पोर्टल उघडेना म्हणून मी सकाळीच तिकडे गेलो. सेटिंग तपासताना धक्का लागून गरम चहा डाव्या हातावर सांडला. शाखेतल्या सावंत मॅडमनी आपल्या मुलीचा गुलाबी रुमाल भिजवून हाताला बांधला. जेवणानंतर पोर्टल सुरू झालं... आणि थोड्याच वेळात सगळीकडे बंद पडलं. त्या गोंधळात पल्पची मोठी ऑर्डर हातची गेली.

संध्याकाळी कसालला येऊन पाहिलं, तर सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाईलमधला डेटाबेसचा पत्ताच बदललेला. बदल दुपारी झालेला. सर्व्हर रूममधल्याच कॉम्प्युटरवरून, माझ्या लॉगिनने!

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी सांगितलं, "सर, मी आचऱ्यात होतो." सावंत मॅडमनीही फोनवर तेच सांगितलं. मग साहेबांनी दिगूला आत बोलावलं; त्याने आदल्या दिवशीच त्यांच्या कानावर काहीतरी घातलं होतं.

"उमेश काल दुपारी सर्व्हर रूममध्येच होता, सर," दिगू म्हणाला. "मी बोललो त्याच्याशी. हाताला गुलाबी रुमाल बांधला होता."

माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मॅडम मला सांभाळून घेतायत, असं साहेबांना वाटलं. माझा राजीनामा लिहून घेतला.

घरी आल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला — रुमाल! कसालला येण्याआधी मी आचऱ्यातच डॉक्टरकडून पट्टी करून घेतली होती. मॅडमना फोन केला. "रुमाल इथेच आहे. धुऊन वाळत घातलाय," त्या म्हणाल्या. मग दिगूला तो दिसला कुठे?

पण तेव्हा मला त्याहून दुसरंच जास्त लागलं होतं. समजा, त्याने काहीतरी पाहिलं असेल. पण आधी माझ्याकडे यायचं की नाही? एका डब्यातून जेवलेला माणूस सरळ साहेबांकडे जातो? मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या लग्नालाही गेलो नाही.

चार वर्षांनी कसालच्या स्टँडवर तोच समोर आला. माझ्याने राहवलं नाही.

"दिगू, माका आधी कित्याक इचारूक नाय तू?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "इचारलंय मरे! थंयच, सर्व्हर रूममध्ये इचारलंय. उमेश, ह्या काय करतंस, म्हणून."

"आणि?"

"तू हसलंस. म्हटलंस, जा, सायबाक सांग. मी ऐकूक नाय, तर परत म्हटलंस, तुका माझी शपथ आसा, सांगच." त्याचे डोळे भरून आले. "आवशीची आण, खोटा कित्याक सांगू?"

माझी बस आली आणि गेली. आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.

दिगू खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. मीही आचऱ्यातच होतो. ह्याचा मेळ मला आजवर लागलेला नाही. त्याच्यावरचा राग तर गेला... पण दगा झाला तो झालाच, आणि तो कोणाच्या नावावर मांडायचा, तेच कळत नाही.