दुसरीच्या हळदीत माझं नाव

रॉटरडॅमला निघाले त्या दिवशी आई घरी नव्हती. ती धवलारीण. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला विधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि लग्नघरचे लोक नारळ देऊन तिला बोलावून जातात. त्या दिवशी शिरढोणला लग्न होतं. सकाळीच माझ्या कपाळाला कुंकू लावून ती म्हणाली, "नारल घेतलाय गो, जावाच लागंल. तू रडू नको, मी बी नाय रडत." आणि रिक्षात बसून गेली. रडलो दोघीही, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर.

बाबा आमच्या गाडीतून पळस्प्यापर्यंत आले. मिठागरातलं काम गेल्यावर ते न्हावा शेवा बंदराचा ट्रेलर चालवायला लागले होते आणि त्यांची गाडी तिथे नाक्यावर उभी होती. उतरताना एवढंच म्हणाले, "पोचलीस का फोन कर." मग ट्रेलरच्या रांगेत शिरले. मी मागच्या काचेतून बघत राहिले, पण मध्ये एक कंटेनर आडवा आला. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

त्याच्या महिनाभर आधी माझं लग्न झालं होतं. पोटच्या पोरीच्या हळदीला धवले कोण म्हणणार, यावर घरात चर्चाही झाली नाही. आईच म्हणणार. धवल्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं, तिच्या बापाचं घ्यावं लागतं, एकेकाला हाक मारून हळद लावायला बोलवावं लागतं. आता आमची आई बाबांचं नाव कधी घेत नसे. "दर्शनाचा बापूस" किंवा नुसतं "अवो". गावातल्या साऱ्या बायका त्या ओळीची वाट बघत बसलेल्या. आईने डोळे मिटून म्हटलं,

काशिनाथाची लेक गो दर्शनाबाय,
हलद लावाला काशिनाथ येव दे

आणि मांडव हसून हसून फुटायचा बाकी राहिला. बाबा लाजून हळदीचं बोट माझ्या गालाऐवजी नाकाला लावून पळाले.

माझा भाऊ नितेश याने ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. मी इथे आल्यावर त्याने ते आपल्या चॅनेलवर टाकलं, मला कधीही ऐकता यावं म्हणून. आईनेच सांगितलं होतं, "टाक. तिकरं कोन हाय तिला?"

खरंच कोणी नव्हतं. नवरा पोर्टच्या कामात. गंमत अशी, की खिडकीतून दिसणारे कंटेनर न्हावा शेव्याला दिसायचे तेच, तेच रंग, तीच नावं. बाकी सगळं वेगळं. दुपारच्या जेवणाला ब्रेड आणि चीज, सायकलवर समोरून येणारा वारा, आणि शेजारणीकडे जायचं तरी आधी अपॉइंटमेंट. भाजी चिरताना मी ते धवले लावायची. ऐकणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याबद्दल मला अजून राग येतो, कोणाचा ते ठरवता येत नाही.

त्यानंतर कधीतरी उरणकडच्या कोणा डीजेने आमच्या व्हिडिओतला आवाज उचलला, खाली बीट टाकला आणि नेटवर सोडला. तो वाऱ्यासारखा पसरला. पनवेलपासून अलिबागपर्यंत हळद म्हटली की तेच गाणं. नितेश हुरळून गेला. कुठल्याशा साइटवर गाणं आईच्या नावावर करायचं म्हणून त्याने फॉर्म उघडला. त्यात गीतकाराचं नाव हवं होतं. आई म्हणाली, "माज्या सासूचा लिव. तिच्या सासूचाबी लिव. त्याच्या आदीच्या मना म्हाईत नाय." फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती.

आणि मग नारळ यायचे थांबले.

कोणी वाईट वागलं असं नाही. सगळे प्रेमानेच सांगायचे, "मावशी, तुमचा आवाज हायेच ना मोबाईलमदी, तुमाला कशाला तरास?" आईचं गाणं सगळीकडे आणि आई घरात. तिला आधी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पोर एकाची आणि नाव दुसरीचं, ही कसली हळद? त्यावर गल्लीतली मुलं हसली, "डीजेवर शब्द कोन ऐकतंय, मावशी?"

गेल्या मे महिन्यात मी घरी गेले ती ठरवूनच. नितेशने चौकशी करून ठेवली होती: आपला व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकायचा, तक्रार करायची, म्हणजे रिमिक्सही उतरतील. पुन्हा लोकांना आईच्या दारी यावं लागेल. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "तू ये, मंग बगू."

त्याच आठवड्यात शेजारच्या प्रणालीची हळद होती. आईला बोलावणं होतं, पण पाहुणी म्हणून, नारळाशिवाय. आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. स्पीकर सुरू झाला. आधी माझं नाव आलं, मला ओशाळल्यासारखं झालं. मग बाबांचं. त्या धडाडणाऱ्या बीटखालीही बायकांचं हसू तसंच राहिलं होतं. पोरं नाचत होती, प्रणालीचे वडील घामाने निथळत हळद लावत होते, कोणाचंच लक्ष नव्हतं. आई मात्र खुर्चीत सरसावून बसली होती, डोक्यावरचा पदर नीट करून, मांडवाच्या दाराकडे बघत. आत्ता कोणीतरी आत येणार आहे, असं.

दुसऱ्या दिवशी जेवताना नितेशने फोन पुढे केला. "आय, काढून टाकू ना व्हिडिओ?"

"राव दे."

"अगं, पन तुला कोन बोलावनार मंग?"

तिने भाताची मूद मोडली. "नाय बोलावलं तं नाय. तुज्या लग्नात मी त्यांना हाक मारीन का? गेलेल्या मानसाला हलदीला बोलवत नाय. त्या गान्यात तरी त्यांना बोलवतान."

नितेशने फोन खिशात घातला. मला ताटातलं काही दिसेना.

तर गावात राहिलेल्यांनो, तुमच्या पोरींच्या हळदीत माझं नाव वाजतं त्याचा राग मानू नका. आईचं काम त्यात गेलं हे मात्र ध्यानात ठेवा, आणि जमलं तर एखादा नारळ घेऊन तिच्या दारी जा. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठे आहे असं इथे कोणी विचारलं की मी पूर्वी पनवेल सांगायची आणि नकाशा काढायची. आता मला नकाशाने सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या एका मुलीची हळद झाली. घरचे सोलापूरचे, हॉल भाड्याचा, बाहेर पाऊस आणि सायकली. मी कागदी प्लेटा लावत होते. कोणीतरी फोन स्पीकरला जोडला, बीट सुरू झाला आणि त्यातून आवाज आला, "दर्शनाबाय..."

मी मोठ्याने ओ दिली.

सगळे वळून बघायला लागले. नवरी हळदीच्या तोंडाने हसत म्हणाली, "काय झालं, ताई?"

"काही नाही गं," मी म्हटलं, "आईने हाक मारली."