पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जीप

ती घटना आजही आठवते. चोरी तशी साधी होती, सरकारी जीपमधल्या डिझेलची. खून, दरोडे मी पुष्कळ पाहिले आणि त्यातले निम्मे विसरलो. हे डिझेल मात्र डोक्यातून गेलं नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही ओढूनताणून. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही सांगा, मी नीट भाषेत लिहितो." मी नको म्हटलं. सगळी नोकरी पंचनामे मीच लिहिले, ते कोर्टाने वाचले, तर हेही लोक वाचतील. नावं कोणाची देणार नाही. पुढाऱ्याचं पदसुद्धा सांगणार नाही, कारण आमच्या भागात पद सांगितलं की नाव सांगितल्यासारखंच आहे.

काळ नव्वद सालानंतरचा. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात. वावर-वांगणीकडे कुपोषणाने मुलं दगावली त्याला काही वर्षं झाली होती. त्यानंतर तिकडे मोठ्या लोकांच्या गाड्या येऊन गेल्या, फोटो निघाले. आमच्या पुढाऱ्यांना दूरच्या पाड्यांवर फिरता यावं म्हणून सरकारी जीप मिळाली ती त्यानंतरच. मी तेव्हा जव्हार ठाण्यात हवालदार होतो.

एका सकाळी आमची हजेरी चालू असताना पुढारी स्वतः ठाण्यात आले. पांढरे कपडे, कपाळाला घाम. माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "हवालदार, माझा ड्रायव्हर डिझेल विकतो. लिहून घ्या. विश्वासातला माणूस होता हो, माझ्या पंगतीला जेवायचा."

झालं होतं असं, की हिशेब तपासणाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, पावसाळ्यात एवढं डिझेल लागलं कसं? पुढाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण जीपने पाड्यांचे दौरे केले, तशा नोंदी आहेत. त्या दौऱ्यांना लागावं त्याच्या दुपटीहून जास्त डिझेल टाकीत भरलं गेलं. मधला फरक ड्रायव्हरने काढून विकला. मीटर बघावा तर त्याची केबल तुटलेली. चालू मीटरची सरकारी जीप मी तरी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

ड्रायव्हर साखरशेतकडचा. रोजंदारीवर होता आणि त्याची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. गुन्हा लागला की ऑर्डर गेली, आणि वर तुरुंग. घरी बायको, दोन लहान पोरं, म्हातारी आई. त्याला चौकशीला बोलावला आणि जीप जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली.

मी चौकशीत हात उचलत नसे. दया म्हणून असं कोणी समजू नये. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, आणि कोर्टात ते टिकत नाही. मी माणसाला बाकावर बसवायचो, चहा द्यायचो आणि माझं काम करत राहायचो. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे बोलायला लागतात.

हा बोलला, पण कसा ते बघा.

"डिझेल कुठे विकलंस?"

"तुम्ही म्हणाल तिथं, साहेब."

"मी कसं म्हणू? विकलंस तू."

"तुम्ही लिहा. जिथं लिहाल तिथं सही करतो."

चोर असं बोलत नाही. वीस लिटर चोरलेला माणूस पाच लिटरवर भांडतो, आईची शपथ घेतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा भांडतच नव्हता. उलट दुपारी माझ्या शिपायाला म्हणाला, "एक फडकं मिळेल का? जीपची काच पुसतो."

शिपाई म्हणाला, "अरे बाबा, ती आता मुद्देमाल आहे. हात लावू नकोस, नाहीतर तुलाच मुद्देमालात लिहितील."

"नुसती काच," तो म्हणाला.

टाकीतलं डिझेल विकणारा माणूस त्या गाडीची काच पुसायला तळमळत नाही. हे काही कोर्टात चालणारं नव्हतं, पण माझ्या मनात तिथेच गाठ बसली.

खबर मिळाली ती एसटी स्टँडवर. नाशिक गाडीचा एक कंडक्टर माझ्या ओळखीचा. पोलीस ठाण्यावरून येताना त्याने जीप पाहिली होती. चहा पिता पिता म्हणाला, "ही गाडी तुम्ही बांधून ठेवलीत होय? आम्हाला तर पावसाळाभर त्र्यंबकच्या घाटात आडवी यायची. मागे फरशा लादलेल्या. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, नाशकात महाल उठतोय कोणाचा तरी."

"कोणत्या दिवशी पाहिलीस?"

"हवालदार, रस्त्याला किती गाड्या भेटतात, दिवस कसला सांगू? आणि साक्षीला बोलावणार असाल तर मी काही पाहिलं नाही. चहाचे पैसेही मीच देतो."

पुढाऱ्यांचं घर नाशकात बांधायला निघालं होतं हे जव्हारात सगळ्यांना ठाऊक होतं. आता मला सगळं दिसलं. कागदावर जीप पाड्यावर जात होती आणि रस्त्याने नाशिकला. पाडा जवळ, नाशिक लांब. म्हणून डिझेल जास्त, आणि तो जास्तीचा बोजा ड्रायव्हरच्या डोक्यावर. पण दिसणं वेगळं आणि शाबीत करणं वेगळं.

फौजदार साहेबांना सांगितलं. तरुण माणूस, नवीनच आलेले. ते म्हणाले, "हे ऐकीव झालं. तुम्ही पाड्यांवर जा, दौरे झाले की नाही याचे जबाब घ्या. लोक हो म्हणाले तर सोमवारी ड्रायव्हरची अटक दाखवावी लागेल. मला वरून रोज फोन येतायत." माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला अडवलं नाही, एवढं लिहून ठेवतो.

शिपायाला घेऊन निघालो. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. भात पिवळं पडलं होतं, उतारावर नागलीची कणसं भरली होती. लोक अजून गावात होते. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि मग जबाबाला माणूस मिळत नाही. त्या भागात सगळ्यांना अरे-तुरे. पोलिसालाही 'तू साहेब' म्हणतात. त्यात अपमान नसतो, ती भाषाच तशी आहे. मी मोखाड्याकडचाच, मला त्याचं काही वाटत नाही.

पहिल्या पाड्यावर विचारलं, पुढारी आले होते का? तिकडे त्यांना सगळे दादा म्हणत.

"आला व्हता ना दादा. जीप घेऊन आला व्हता, पाहणी केली नी गेला."

दुसऱ्या पाड्यावर तेच. जीप घेऊन आला, पाहणी केली नी गेला. तिसरा पाडा वांगणीच्या अलीकडचा, तिथे एक म्हातारा ओट्यावर बसला होता. त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, "दादानं पाहणी केली."

आता 'पाहणी' हा शब्द त्या डोंगरात कोणी बोलत नाही. तिकडे माणूस 'बघून गेला' म्हणतात. शब्द बाहेरून आला होता हे उघड होतं. पण शिकवलेलं बोलणाऱ्याची नजर खाली असते, आणि हा म्हातारा माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता.

मी म्हटलं, "दादावर फार माया दिसते तुझी."

"असणारच. पोरं मरत व्हती तवा कोन आला इठं? हाच आला. पाठीवर गोणी घेऊन नदीतून आला. तवा त्याच्याकडं सायकल बी नव्हती. माझ्या चुलीपाशी निजला. आमी त्याला निवडून दिला, साहेब. आमच्यातला पयला."

हे खरं होतं. मीही त्या वर्षी बंदोबस्ताला होतो आणि त्या माणसाला चिखलात गुडघाभर रुतून चालताना पाहिलं होतं. भीतीने खोटं बोलणारा माणूस फोडता येतो. मायेने खोटं बोलणारा फुटत नाही, आणि असे तीन पाडे माझ्यासमोर होते. मी कागद बाहेर काढला. म्हाताऱ्याचा जबाब लिहायचा, अंगठा घ्यायचा, आणि सोमवारी साखरशेतच्या पोराला आत टाकायचं. दुसरं काही हातात नव्हतं.

म्हाताऱ्याच्या सुनेने कोरा चहा आणून दिला. काखेत तान्हं पोर. मी टेकायला मागे झालो तर डोक्याला काही लागलं. वर पाहिलं तर वळचणीला जाड बांबू टांगलेला, मधे घोंगडी बांधलेली. डोलीचा बांबू. रस्ता नाही तिथे आजारी माणसाला असंच झोपवून चार जण खांद्यावर नेतात. घोंगडीची गाठ अजून सोडलेली नव्हती.

माझा शिपाई पोराच्या गालाला हात लावत होता. "नाव काय हिचं?"

"बुधी," सून म्हणाली.

आमच्याकडे वारावरून नाव ठेवतात. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी.

"बुधवारी झाली होय? जव्हारच्या दवाखान्यात?"

"दवाखाना कुठला! वाटंतच झाली, डोलीनं नेताना. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

मी चहा खाली ठेवला. पोळा त्या साली मंगळवारी आला होता. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांचा दौरा नोंदींत लिहिलेला होता तो नेमका याच पाड्याचा. सकाळी आगमन, संध्याकाळपर्यंत मुक्काम, सोबत जीप.

म्हाताऱ्याला विचारलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा इथे होता?"

"व्हता."

"जीप?"

"इठंच उभी व्हती. त्या आंब्याखाली."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"मग तुझ्या सुनेला तुम्ही खांद्यावर का नेली?"

शेजारी दोघे बसले होते. एकाने उगाच विडी विझवली. म्हातारा म्हणाला, "जीप... चिखलात रुतली व्हती."

तेव्हा सून बोलली. आवाज चढवला नाही तिने. "आबा, कुठं रुतली व्हती? मी त्या आंब्याखालूनच गेले ना. जीप असती त मी वाटंत दगडावर पोर काढली असती का?"

"तू गप ऱ्हा."

"मी गप ऱ्हाते. तू तुझा खांदा दाखव साहेबाला. अजून सूज हाय त्याच्यावर."

म्हाताऱ्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला. मग तो माझ्यावरच चिडला. "तुला काय करायचं साहेब? येक दिस नाय आला म्हनून काय झालं? हा पडला त आमचा कोन हाय?"

"आणि साखरशेतचा तो ड्रायव्हर कोणाचा आहे?"

"त्याला दादा सोडवनार हाय. तसा निरोप आला व्हता."

"निरोप? काय होता निरोप?"

बोलून गेला होता. आता मागे फिरता येईना. हळूहळू सांगितलं. पुढाऱ्यांचा माणूस येऊन गेला होता. पोलीस येतील, दादाने जीप घेऊन पाहणी केली म्हणा. दादाचे शत्रू त्याच्यावर उठलेत. ड्रायव्हरची काळजी करू नका, त्याला दादा बघेल.

पावसाळ्यात दादा कितीदा आले, हे मग मी पुन्हा विचारलं. म्हाताऱ्याने आंब्याकडे बघितलं. "चालत येत व्हता तवा यायचा," तो म्हणाला.

सुनेने जबाबावर अंगठा दिला. म्हातारा उठून गोठ्यात गेला, गुरांना चारा घालून आला, आणि मग त्यानेही दिला. मी त्याला दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं.

ठाण्यात आलो तर ड्रायव्हर बाकावर होता तसाच. मी त्याला काहीच विचारलं नाही. फक्त सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अमुक पाड्यावरची बाई डोलीने नेताना बाळंत झाली, वाटेत, पावसात, दगडावर.

त्याने मान वर केली. "जगली?"

"दोघी जगल्या."

त्याने हाताची बोटं मोडली. मग म्हणाला, "त्या दिवशी मी नाशकात फरशी उतरवत होतो, साहेब. सकाळी निघताना मीच त्यांना विचारलं होतं, आज पाड्यावर जायचं लिहिलंय ना? ते म्हणाले, पाडा कुठे पळून जातोय?"

मग सगळं आलं. कोणत्या दुकानातून फरशी, कोणाच्या अंगणात उतरवली, आणि गुन्हा अंगावर घे, जामीन मी करतो, सुटलास की कायम करतो, हा शब्द. त्या दुकानदाराने पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा माल उतरवल्याचं सांगितलं. ड्रायव्हरचं नाव आरोपीतून काढलं आणि साक्षीदारात घातलं. आरोपी म्हणून फिर्यादीचंच नाव आलं. फोन आले. फौजदार साहेब म्हणाले, "हवालदार, तुमची बदली होईल." मी म्हटलं, होऊ द्या, मी नोकरीला लागल्यापासून माझं सामान एका ट्रंकेत आहे.

खटला पुष्कळ वर्षं चालला. बदलीच्या ठिकाणाहून मी साक्षीला आलो. म्हातारा फुटेल अशी माझी खात्री होती. फुटला नाही. वकिलाने उलटसुलट विचारलं, तो एकच बोलला, "नाय आला." खाली पुढाऱ्यांना शिक्षा लागली. वर अपिलात काय झालं ते माझ्या कानावर आलं नाही, आणि मी चौकशी केली नाही. ड्रायव्हर कायम झाला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर म्हातारा पुढाऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं भांडण होणार, मी जवळ सरकलो. तो म्हणाला, "दादा, जीप गेली ना? आता चालत ये. आमी हाव तठंच." पुढारी गाडीत बसले. आता गाडी त्यांची स्वतःची होती.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. पुढारी आला होता का, असं लोकांना विचारण्यात अर्थ नाही. ज्याला आपण मत दिलं तो आला नाही, हे सांगायची माणसाला लाज वाटते. चूक आपली झाली असं त्याला वाटतं. म्हणून मी नंतर नेहमी विचारायचो, त्या दिवशी घरात कोण आजारी होतं आणि त्याला कसं नेलं. त्याचं उत्तर कोणी खोटं देत नाही. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा त्या पाड्यावर गेलो. रस्ता झाला होता, डांबरी. म्हातारा होता, नजर कमी झालेली. बुधी शाळेत गेली होती. वळचणीला बांबू तसाच, घोंगडी मात्र नवी.

मी म्हटलं, "अरे, दारापर्यंत गाडी येते आता. हा बांबू कशाला ठेवलास?"

"असू दे, साहेब," तो म्हणाला. "नवा निवडून आलाय."