पिवळ्या रंगाचा दाखला

पोलीस अधिकाऱ्याच्या नोकरीत एक तरी प्रकरण असं येतं की जे त्याची झोप कायमची उडवतं, असं आमच्यातले बरेच निवृत्त लोक लिहितात. माझ्या नोकरीतलं तसं एक प्रकरण मला अजून बारकाव्यांसकट आठवतं. झोप मात्र त्या आठवड्यात उत्तम लागत होती. रक्त नाही, हत्यार नाही, फरार आरोपी नाही. जप्त मुद्देमाल म्हणजे काही कागद, काही शिक्के आणि पिवळ्या रंगाची एक बाटली.

सोलापूरपासून तासाभरावरच्या एका छोट्या शहरात मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना त्याने फरक पडत नाही. एके सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच नगरपालिकेच्या नगररचना विभागातले एक लिपिक आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत, बांधकाम परवानगीच्या एका अर्जासोबत आलेला झोन दाखला होता. आपली जागा विकास आराखड्यात रहिवासी भागात आहे, शेतीच्या पट्ट्यात आहे की बागेसाठी आरक्षित आहे, हे सांगणारा हा कागद. सोबत नकाशाचा तुकडा जोडलेला असतो. रहिवासी भाग पिवळा. हा दाखला नसला तर घर बांधायची परवानगी मिळत नाही.

"साहेब, हा आमचा नाही," लिपिक म्हणाले.

"सही खोटी आहे?"

"सही बरोबर वाटते."

"मग शिक्का?"

"शिक्का पण बराय."

"मग अडचण काय?"

लिपिकांनी इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, आमचा नकाशा एवढा चांगला नसतो."

माझे हवालदार हसले. लिपिक हसले नाहीत. त्यांनी जावक नोंदवही तपासली होती. दाखल्यावरच्या क्रमांकाने प्रत्यक्षात मोकाट कुत्र्यांबाबतचं एक पत्र गेलं होतं.

दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी रीतसर फिर्याद दिली. फिर्यादीसोबत त्यांनी वर्तमानपत्रांसाठीही एक निवेदन तयार ठेवलं होतं. त्यात भूमाफियांचं जाळं, शहराच्या नियोजनावर घाला आणि कठोर कारवाई, असं सगळं होतं. सोमवारी सर्वसाधारण सभा होती. त्याआधी अटक झाली तर बरं, असं त्यांनी सुचवलं. मग माझ्या वरिष्ठांनीही फोनवरून तेच सुचवलं, फक्त 'बरं' हा शब्द गाळून.

भूमाफिया दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आला. अर्जदार म्हणून कागदावर नाव त्याचंच होतं. वय अडुसष्ट, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, सोबत बायको. सोलापूरच्या पूर्व भागातला तेलुगू विणकर. चाळीस वर्षं जॅकार्डच्या मागावर चादरी विणल्या. मुलगी आमच्या गावात दिलेली. तिच्या घराजवळ दोन खोल्या बांधायच्या म्हणून म्हाताऱ्याने एक छोटा प्लॉट घेतला होता. तोवर दोघं एका भाड्याच्या खोलीत राहत होते आणि घरमालकाला ती खोली परत हवी होती.

"हा दाखला कुणी दिला, मामा?"

"एजंट दिला, साहेब. मी कागद केलो नाही. आणलो फक्त."

"पावती?"

"पावती तो देतो म्हणाला. नंतर फोन उचलत नाही."

एजंटाला बोलावलं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलण्यात नम्रता. मी अर्ज लिहून दिला, त्यापलीकडे मला काही माहीत नाही, असा जबाब त्याने न अडखळता दिला. इतका सरळ जबाब माणूस पाठ केल्याशिवाय देत नाही, पण हे मत केस डायरीत लिहिता येत नाही. पुरावा सगळा म्हाताऱ्याच्या विरोधात होता. अर्ज त्याचा, सही त्याची, फायदा त्याचा. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झालेलाच होता. अटक दाखवली असती तर कोठडी आली असती, बांधकामाचा अर्ज फेटाळला गेला असता आणि दोन खोल्यांचा विषय त्याच्या हयातीत संपला असता.

हवालदार सांगोल्याकडचे. ते आत येऊन हळूच म्हणाले, "साहेब, ह्यो मानूस माफिया न्हाय."

"कशावरून?"

"चा दिला तर बिस्कीट आदी बायकूला दिलं की."

हेही डायरीत लिहिता येत नाही.

शेवटी मी नकाशा म्हाताऱ्याच्या पुढे ठेवला. तोवर त्याने तो नीट पाहिलाच नव्हता. मराठी त्याला जेमतेम वाचता येत होतं. त्याने मजकुराकडे ढुंकूनही बघितलं नाही. कागद उचलला, आधी उलटा केला, मग खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठ्याने हळूच चाचपला.

"उलटा काय बघताय?"

"चादर बघताना मागची बाजूच बघतो, साहेब. पुढची तर दुकानदार पण बघतो."

मग त्याचा अंगठा एका जागी थांबला. बायकोने तेलुगूत काही विचारलं. त्याने मान हलवली. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं ही पण पद्धत आहे. नव्या पोरांना ती शिकवताना फार त्रास होतो.

"हा रंग ब्रशने ओढलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "घर-घर भरलाय."

मी भिंग मागवलं. खरंच होतं. पिवळ्या रंगाखाली पेन्सिलीच्या अगदी फिक्या रेषांनी बारीक चौकोन आखलेले होते. एकेक चौकोन एकेका टिपक्याने भरलेला, शेजारच्या चौकोनात रंग थेंबभरही न गेलेला. आणि दर आठव्या घराच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी खूण.

जॅकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. त्याला ग्राफ म्हणतात. एक घर म्हणजे एक धागा. रंग शेजारच्या घरात गेला तर चादरीवरच्या मोराला डोळाच राहत नाही. ग्राफ भरणारे लोक आठ-आठ घरं मोजत जातात. आता हे काम संगणक करतो आणि ग्राफवाले घरी बसले.

"हे ग्राफवाल्याचं काम आहे?"

"व्हय."

"कोण?"

म्हाताऱ्याने कागद टेबलावर ठेवला. बायको मात्र फटकन बोलली, मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणूनच. "सांगा की! तुमी आत गेल्यावर मी काय आठ-आठ घरं मोजत बसू?"

"असा ठिपका देणारे चारच होते, साहेब," तो म्हणाला. "एक वारला. एकाचा हात थरथरतो, त्याच्याकडनं एवढं होणार नाही. एक पोराकडे हैदराबादला गेला."

"आणि चौथा?"

"मी नाव घेतलो नाही. तुम्ही वजाबाकी करा."

वजाबाकी करून आम्ही दुपारी सोलापुरात पोचलो. चौथा माणूस दारातच स्टुलावर बसून काम करत होता. वयाने म्हाताऱ्याएवढाच. शेजारी दोरीवर तीन नकाशे वाळत घातलेले, पायाशी पिवळ्या रंगाची बाटली. गणवेश पाहून पळाला नाही की घाबरला नाही. पंचांसमोर पंचनामा सुरू झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"नकाशा चुकला काय, साहेब?"

"चुकला नाही. तो तुम्ही काढायचा नव्हता."

"एजंट म्हणाला, ऑफिसात माणसं कमी हायत, काम बाहेर देतात. मोबाईलमधला फोटो दिला. तसंच काढलो." मग थोडं रागावून, "चुकीचं काढायला मला जमत नाही."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. पुढे त्याचाच उपयोग झाला. एजंटाच्या घराच्या झडतीत शिक्के सापडले, कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा सापडला आणि त्याची नम्रता संपली.

सोमवारी सकाळी, सभेच्या आधी, मी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात गेलो. बनावट नकाशा आणि विकास आराखड्याची मूळ प्रत टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. लिपिकांनी पट्टीने मोजलं. रस्ता, ओढा, म्हाताऱ्याचा प्लॉट, सगळं रेषेला रेष जुळत होतं. प्लॉट पहिल्यापासून रहिवासी भागातच होता.

"म्हणजे दाखला खरा आहे?" मुख्याधिकारी म्हणाले.

"दाखला खोटा आहे. त्यातली माहिती खरी आहे."

"असं कसं असेल?"

"खरा दाखला मागितला असता तर तुम्ही हेच लिहून दिलं असतं. रांग लांब म्हणून एजंटाने ते घरीच करून घेतलं."

त्यांनी निवेदनाचा कागद पुढे ओढला. निवेदनातला 'जाळं' हा शब्द त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडला. लिपिकांनी मात्र बनावट नकाशा पुन्हा उचलून पाहिला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून कौतुकाने मान हलवली.

म्हाताऱ्याला आरोपीऐवजी साक्षीदार केलं. त्याने रांगेत उभं राहून नव्याने अर्ज दिला आणि दाखला मिळाल्यावर दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला मी गेलो होतो. म्हातारीने माझ्या हवालदारांना दोनदा वाढलं आणि बिस्किटांची आठवण कुणी काढली नाही. एजंटाला शिक्षा झाली. ग्राफवाल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याचा जबाब, वय आणि एजंटाने केलेली फसवणूक पाहून कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला एकदा विचारलं होतं. मी सांगितलं की कागद खरा आहे का आणि कागदावरची गोष्ट खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तपास अधिकाऱ्याने दोन्ही विचारायचे. एका हातकामाच्या माणसाला दुसऱ्याचा हात ओळखू येतो, तिथे आमची प्रयोगशाळा महिनाभर लावते, हेही सांगितलं. आणि नागरिकाने सरकारी कार्यालयात मधल्या माणसाशिवाय, स्वतःच्या पायांनी जावं, असा उपदेशही केला. प्रशिक्षणार्थींनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर मी दुसऱ्या एका गावात छोटा प्लॉट घेतला आणि झोन दाखल्यासाठी स्वतः गेलो. तिसऱ्या फेरीला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काका, तुमचा एजंट कोण?"

दुसऱ्या फेरीनंतर धरलेल्या एजंटाचं नाव मी सांगितलं.