म्हसूदाची तार

इंटर सायन्सला मेकॅनिक्समध्ये मी दोनदा गटांगळी खाल्ली होती. बासष्ट सालच्या भाद्रपदात तिसऱ्या खेपेची तयारी करायला ताम्हिणीला घरी आलो. टक्कर, ऊर्जा, स्प्रिंग यांची गणितं घोकायची आणि गावाला अक्कल शिकवायची, एवढाच उद्योग. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. त्यातलं गाढव कोण, हे मला म्हसूदानं दाखवलं.

म्हसूदा धनगर. वरच्या पठारावर त्याचा सात घरांचा वाडा. अक्षरशत्रू माणूस, पण पठारावरचं गवत खाली उतरवायला त्यानं कड्यापासून गावापर्यंत जाड तार ताणली होती. भारा लाकडी आकड्याला बांधून तारेवर अडकवायचा आणि सोडून द्यायचा. अकरा वर्षांमागं त्याचा धाकटा भाऊ नाथा गंमत म्हणून भाऱ्यावर बसून आला, खालच्या खांबावर आदळला आणि जागीच गेला. तेव्हापासून म्हसूदानं तारेवर माणूस बसू दिला नव्हता. भारे फुटू नयेत म्हणून खांबापुढे एक जुना कूड उभा करायचा, म्हणजे घराची कारवीच्या काठ्यांची भिंत. दर भारा कुठवर घुसतो, किती काठ्या मोडतो, हे तो खाली उभा राहून बघायचा. लोक म्हणायचे, भावाच्या दुःखानं म्हसूला तारेचं याड लागलंय.

त्या भाद्रपदात दरड कोसळून वाड्याची वाट गेली, आणि तिसऱ्याच दिवशी म्हसूदाची बायको तुकाबाई पठारावरच एका खडकावरून घसरली. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. दोन दिवसांत अंगात ताप भरला, पाय काळा पडायला लागला. झाडांच्या मुळ्या धरून एकटा माणूस चढ-उतार करू शकत होता, डोली मात्र उतरवणं शक्य नव्हतं. पौडचा दवाखाना गाठायचा तर एकच रस्ता उरला होता, तारेचा.

म्हसूदा माझ्याकडे आला. "जयसिंगा, तुज्या बुकात हाय न्हवं, आदळणारं कसं थांबवायचं ते?"

मी फुललो. वही काढली. उंचीवरून वेग काढला, कळकाच्या बांबूला धोंडे टांगून तो किती वाकतो ते मोजलं. म्हटलं, "कारवी कशाला, ती मोडती. तीन ओले कळक आडवे लावू. पाच हात वाकत्याल. खांब सात हातांवर हाय. काय बी भ्या न्हाई."

"आदी पोतं सोडू," म्हसूदा म्हणाला.

वरून त्याच्या चुलत्यानं, भिवाजीनं, तुकाबाईच्या वजनाचं धोंड्यांचं पोतं सोडलं. सणसणत आलं. कळक पाच हातच वाकले. मी आनंदानं ओरडणार, तोच त्या कळकांनी पोतं तस्संच्या तस्सं उलटं भिरकावलं. आकडा तारेवरून उडाला आणि पोतं खडकावर फुटलं. माझं उत्तर अचूक होतं. पुस्तकातलं गणित कमाल दाबापाशी संपतं, त्याच्या पुढचा क्षण कुणी विचारलेलाच नव्हता. मी शरमेनं वर बघेना.

म्हसूदा रागावला नाही. काठीनं फुटका धोंडा उलथत म्हणाला, "जे मोडत न्हाई ते फेकतंय. मोडतंय त्येच झेलतंय."

दोन वर्षं प्राध्यापकांनी फळ्यावर जे लिहिलं, ते मला त्या वाक्यात कळलं. स्प्रिंग ऊर्जा साठवून परत देते, मोडणारी काठी ती खाऊन टाकते.

वाड्यानं आपल्या घरांचे कूड उपटून तारेवरून खाली पाठवले. ऐन पावसाळ्यात सात घरं उघडी पडली आणि एकाही बाईनं कुरकुर केली नाही. म्हसूदानं खांबापासून वरच्या बाजूला सोळा कूड हात-हात अंतरावर उभे केले. मग वर चढला. पुढं गवताचा भारा, मागं घोंगडीची झोळी, आणि झोळीत तो स्वतः. मी डोळे मिटले. काडकाड काडकाड आवाज झाला आणि थांबला. बारा कूड फोडून म्हसूदा तेराव्यापाशी टांगलेला होता. मागं एक वीतसुद्धा उडाला नव्हता.

मोडक्या कुडांच्या जागी नवे लावताना तो म्हणाला, "भाऱ्यासकट मी तीन वाटं, तर ती दोन भरंल. तुका आठव्यावं थांबंल."

मी मनात गणित केलं. उंची तीच, तेव्हा ऊर्जा वजनाच्याच हिशेबात. बाराचे दोन तृतीयांश आठ. त्यानं ना वजन केलं होतं, ना सूत्र पाहिलं होतं. अकरा वर्षं नुसतं पाहिलं होतं, आणि निसर्गानं आपला नियम त्याला सांगून टाकला होता. आजवर एवढा विद्वान माणूस मी पाहिलेला नाही.

वरून भिवाजीनं तुकाबाईला तसंच गच्च बांधून सोडलं. ती येताना ओरडली नाही. काड, काड, काड. मी मोठ्यानं मोजत होतो. आठवा कूड मोडला आणि झोळी थांबली.

म्हसूदा धावला. पण झोळीची गाठ त्याला सुटेना. डोळ्यांनी त्याला गाठ दिसतच नव्हती. तुकाबाईनं घोंगडीतून आपला तापलेला हात काढून त्याच्या हातांवर ठेवला.

"आवं, रडताय काय? आले न्हवं मी. सोडा आता."