सुनेचं बकासन

तुडीलच्या आमच्या घरी सून रोज सकाळी पडवीत बकासन करायची. तळवे जमिनीवर रोवायचे, गुडघे दंडांवर टेकवायचे आणि दोन्ही पाय उचलून हातांवर तोल सांभाळायचा. तोंडावर आपटू नये म्हणून पुढे उशी. महाडच्या योगवर्गात मिळालेला कागद तिने भिंतीला चिकटवला होता. शेजारीण म्हणायची, "तुजी सून बगळा झाली गो." मी हसायचे, पण मला ते थेर आवडत नव्हते.

एका सोमवारी आसन बंद झालं. प्राणायाम चालू, बकासन नाही. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला, आई." ताप असतानाही न चुकवणारीला एकाएकी कंटाळा? माझ्या मनात पाल चुकचुकली. ती नोकरीवर गेल्यावर मी चष्मा लावून तो कागद वाचला. खांदे-मनगटं बळकट होतात, पोटाचे स्नायू आवळतात, मन एकाग्र होतं. खाली सूचना होती: मनगट दुखत असेल, रक्तदाब असेल, तर करू नये. गरोदर स्त्रियांनी करू नये.

मग मी तिच्यावर डोळाच ठेवला. ताटात काय उरतं, पाण्याची बादली कोण उचलतं, सगळं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आनंदाने मला झोप येईना, आणि रागही येई. तीन महिने बाहेर बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण मी काय बाहेरची? ती सांगेपर्यंत विचारायचं नाही, असं मीही ठरवलं.

पुढच्या महिन्यात ती आठ दिवस पोलादपूरला माहेरी गेली. मुलगा तिला पोचवून आला तो माझ्याशी धड बोलेना. म्हणजे बातमी आधी विहीणबाईंना, असं मी धरून चालले. ती परत आली तेव्हा मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

महिन्याभराने सकाळी पडवीत आले तर ती पुन्हा हातांवर तोललेली. मी तशीच पुढे धावले.

"अगं, उतर आधी. अशा दिवसांत करतात का हे?"

तिने हळूच पाय टेकले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता चालतं, आई."

माहेरचे ते आठ दिवस कशाचे होते, ते मला तेव्हा कळलं. तिला जवळ घ्यायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज बघत होतात," ती म्हणाली. "विचाराल, म्हणून वाट बघत होते."