चार बोटं जास्तीचं कापड

"श्वास सोडा, साहेब. पोट कुणापास्नं लपवताय?"

कमरेला टेप लावली की मास्तर हे म्हणणारच. एसटी स्टँडमागच्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात माप द्यायला उभा राहिलेला प्रत्येक गडी पोट आत ओढतो, आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून शिंप्याच्या नावानं बोंब मारतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. माझं काम नेमकं उलटं. मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचो. दिवसभर लोकांना सांगायचो, "श्वास घ्या, धरून ठेवा." मास्तर म्हणायचे, "तुमी धराया लावता, आमी सोडाया लावतो. भोरच्या माणसानं जगायचं तरी कसं?"

मास्तरांनी कधी कुणाचं माप लिहून घेतलं नाही. "माप लिवणारा कारागीर म्हंजे काठी घेऊन चालणारा पैलवान," असं त्यांचं मत. वेल्ह्याकडचा एखादा माणूस दोन वर्षांनी उगवला, तरी त्याला दारातच ऐकवायचे, "छाती अडतीस हाय तुमची. पण कंबर वाढलीया. सासुरवाडीला ऱ्हायला व्हता जणू?" टेप लावून बघावं तर शब्दन् शब्द खरा.

त्यामुळे उत्रोलीचा एक खराखुरा पैलवान नवी विजार हातात फडकवत दुकानात आला, तेव्हा अख्खी गल्ली जमा झाली. मास्तरांनी ती त्याच्या शाळकरी मेव्हण्याच्या मापाची शिवली होती. सगळ्यात जास्त हसलो मी. पुढच्या महिन्यात एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. लोक म्हणाले, मास्तर घ्यायला लागले. चहापलीकडे काही न घेतलेला माणूस तो! कुणी म्हणालं चष्मा बदला. त्यांनी दोनदा बदलला. सुईत दोरा ओवायलाही आता त्यांची बायको, आमच्या भाभी, लागायच्या.

एका दुपारी ते दवाखान्यात आले. "साहेब, डोक्यात कायतरी उसवलंय. जरा फोटू काढून बघा."

मी डॉक्टरांना न विचारताच काढला. उजेडात धरला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "डोकं ठणठणीत आहे मास्तर. एक टाका ढिला नाही." ते इतके खूश झाले की सगळ्या दवाखान्याला चहा पाजला. अहो, एक्स-रेत हाडं दिसतात. कवटीच्या आत काय चाललंय ते त्यात कुठलं दिसणार? हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण शहाणपणा करायची हौस! त्या हौसेपायी सहा महिने फुकट गेले, आणि त्याचा राग मला अजून येतो.

मग मास्तरांना तापानं धरलं, अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. कसा, कुठून, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. पुण्याला मोठ्या रुग्णालयात गोळ्या सुरू झाल्या, आणि डोक्याचा एमआरआय करायचं ठरलं. सोबत मी गेलो. मशीनच्या ठकठकीतून बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माझी मशीन गरीब."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावून समजावलं. हा रोग मेंदूपर्यंत पोचलाय. मेंदू थोडा आक्रसलाय, म्हणून त्याच्या आणि कवटीच्या मध्ये ही काळी जागा दिसतेय. विसरणं, हात मंदावणं, सगळं त्यामुळंच. गोळ्यांनी ते थांबेल, थोडं सुधारेलही. पण गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही.

मास्तरांनी एकच विचारलं, "मला शिवता यील ना?"

"बघू. गोळ्या चुकवू नका. सगळं लिहून ठेवत जा."

मास्तर त्या काळ्या फटीवरून बोट फिरवत राहिले. "कापड आटलं म्हणायचं," ते म्हणाले. "शिवणारानं आतून चार बोटं जास्त सोडाया पायजे व्हतं, बाई. म्हंजे उसवून वाढवता आलं असतं." बाई हसल्या. मास्तरही हसले. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

भोरला परतल्यावर त्यांनी हट्टच धरला, माझा पांढरा कोट शिवायचा. त्यांना बघायचं होतं, जमतंय का. मलाही. त्यांनी छातीला टेप लावली, आकडा पुटपुटला, खडू घेऊन कापडापाशी गेले आणि तिथंच थांबले. परत आले. पुन्हा टेप, पुन्हा कापड, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"तुमीच लिवा."

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं मी लिहिलं. छाती, कंबर, बाही. अक्षर धड येईना.

"साहेब," मास्तर हळूच म्हणाले, "श्वास सोडा की."

साध्या कोटाला दीड महिना लागला. मला तो घालून त्यांनी दोन्ही बाह्या ओढून बघितल्या. "मोजून घ्या. एक डावी, एक उजवी. तक्रार चालायची न्हाई." कॉलर सरळ, बटणांची काजं एका रेषेत. लहान पोरासारखे खूश होते. त्यांनी शिवलेला तो शेवटचा कपडा. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेले, भाभी सारोळ्याला लेकीकडे गेल्या, दुकानाला कुलूप लागलं.

माझं पोट काही थांबलं नाही. चार वर्षांनी कोटाची बटणं लागेनात, म्हणून नव्या शिंप्याकडे गेलो. वाढवता येणार नाही, नवाच शिवा, असं म्हणत त्यानं कडेची शिवण उसवून बघितली आणि कोट माझ्यापुढे धरला.

"हे कुणी शिवलंय हो? दोन्हीकडनं चार-चार बोटं कापड आत दुमडून ठेवलंय. इतकं कुणी सोडतं का?"

त्यानं टेप काढून माझ्या कमरेला लावली. मी पोट आत ओढलं नाही. त्यानं सांगायच्या आधीच श्वास सोडला.