शिशाची साय

गॅरेजवर फुटक्या बॅटरीचा आंबट वास आला की मला भिंगारचं आमचं अंगण दिसतं. दुष्काळाचं साल होतं. वडील जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा कढईत वितळवून शिसं काढायचे. वर तरंगणारा मळ झाऱ्यानं बाजूला करायचे आणि त्याला साय म्हणायचे. ती निवली की तिची राखेसारखी भुकटी व्हायची. भांडी विसळायला पाणी नव्हतं, म्हणून तान्ह्या भावाची दुधाची पितळी वाटी मी त्या राखेनं घासून फडक्यानं नुसती पुसायचे, वाटी लखलखायची. बाळाला आकड्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलं? आई म्हणाली, "नुसतं दूध पितंय हो." बाळ गेलं. पुढं मी नर्स झाले, शिसं पोटात गेलं की काय होतं ते शिकले, तेव्हा मला उमगलं. आई मात्र मरेपर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "हिच्यासारखी वाटी कुनालाच घासता येत न्हाई."